सीसीएनए हुकली, आता सराव परीक्षा कुठली घेऊ?

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा. तिच्याबद्दल प्रश्न असा आला आहे: 'मॅडम, मी तासगावचा. मिरजेत एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात दीड वर्ष काम करतोय. मागच्या महिन्यात सीसीएनए दिली आणि नापास झालो. परीक्षेआधी मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये मला सतत नव्वदच्या वर गुण पडत होते. आता मित्र तीन वेगवेगळ्या सराव परीक्षा सुचवताहेत, आणि एक जण टेलिग्रामवरची पीडीएफ देतो म्हणतोय. पुन्हा पैसे बुडवायचे नाहीत. कुठली घेऊ? स्कोअर रिपोर्टचा फोटो जोडलाय.'

आधी त्या नव्वदचं बघू. तू 'सतत' असं लिहिलंयस, म्हणजे तीच परीक्षा तीन-चार वेळा दिली असणार. पहिल्या खेपेला किती पडले होते, आठवतंय का? बहुतेकांना आठवत नाही. तो आकडा बघवत नाही म्हणून आपण लगेच पुन्हा सुरू करायचं बटण दाबतो. पण धरायचा आकडा तेवढा एकच असतो. दुसऱ्या खेपेपासून डोकं प्रश्न वाचतच नाही, नुसता ओळखतं. 'हां, तो तीन राउटरच्या आकृतीवाला, उत्तर क.' झालं. त्यात राउटिंग, म्हणजे डेटाला मार्ग दाखवणं, कुठे आलं?

हे मी तुला वरच्या पायरीवरून सांगत नाहीये. २०१४ साली मी स्वतः पहिल्या खेपेत आपटले आहे. तेव्हाची परीक्षा वेगळी होती, ईआयजीआरपी हा राउटिंगचा प्रोटोकॉल होता, फ्रेम रिले हे जुनं जोडणीचं तंत्र होतं. क्लासवाल्यांनी, त्यांचं नाव जाऊ दे, शेवटच्या आठवड्यात प्रश्नांची एक जाडजूड झेरॉक्स हातात ठेवली आणि 'एवढं केलं की बास' म्हणाले. सांगलीत विश्रामबागच्या खोलीत बसून मी ती शब्दशः पाठ केली. रात्रीच्या एसटीने पुणे गाठलं, सकाळी सेंटरवर बसले, आणि प्रश्न ओळखीचे दिसायला लागल्यावर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले. मग रिपोर्ट हातात आला.

प्रत्यक्ष प्रश्न सांगणार नाही, कारण परीक्षेआधी आपण तसा करार मान्य केलेला असतो. पण चूक कुठल्या जातीची होती ते सांगते, आकडे माझे आहेत. समज, पाठ केलेल्या प्रश्नात आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा ७५ आणि मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग किती ते सांगणारा आकडा) /२६. ब्रॉडकास्ट, म्हणजे त्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता, १२७. पडद्यावर आकृती तीच, ७५ तेच, पण मास्क /२७. आता ब्रॉडकास्ट ९५. पर्यायांत १२७ पण आहे आणि ९५ पण. ज्याला गणित येतं तो दहा सेकंद थांबतो आणि ९५ धरतो. ज्याने पाठ केलंय तो थांबतच नाही. मी थांबले नव्हते.

म्हणून कुठली घेऊ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. तुझं नेमकं काय गेलं हे कळल्याशिवाय सराव परीक्षा घेणं म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणं.

सिस्को नापास झाल्यावर कुठला प्रश्न चुकला ते सांगत नाही, पण विभागवार टक्के देते. तुझ्या फोटोत सहावी ओळ कापली गेली आहे, वर पाच दिसतात: नेटवर्क फंडामेंटल्स ६५, नेटवर्क ॲक्सेस ५०, आयपी कनेक्टिव्हिटी ४८, आयपी सर्व्हिसेस ८०, सिक्युरिटी फंडामेंटल्स ५३. कापलेली ओळ ऑटोमेशनची असणार. आता हे विभाग सारख्या वजनाचे नाहीत. सिस्कोच्या अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, फंडामेंटल्स आणि नेटवर्क ॲक्सेस यांना प्रत्येकी २०, सिक्युरिटीला १५, आणि आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन यांना प्रत्येकी १०. अंदाजापुरतं कागदावर मांडून बघ. आयपी कनेक्टिव्हिटी ४८ वरून ८० वर नेलीस तर शंभरात ८ गुणांची भर पडते. नेटवर्क ॲक्सेस ५० वरून ८० वर, आणखी ६. उलट आयपी सर्व्हिसेस ८० वरून थेट १०० केलंस तरी पदरात २. सिस्कोचा खरा हिशेब ३०० ते १००० च्या मापावर होतो आणि तो कसा होतो हे ती उघड करत नाही, पास होण्याचा आकडाही जाहीर करत नाही (८२५ म्हणून जो आकडा सगळीकडे फिरतो तो सिस्कोने छापलेला नाही). त्यामुळे माझं गणित ढोबळ आहे. पण घाम कुठे गाळायचा एवढं कळायला ते पुरेसं आहे: राउटिंग (आयपी कनेक्टिव्हिटी), मग स्विचिंग (नेटवर्क ॲक्सेस), मग सिक्युरिटी. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं नापास झाल्यावर ऑटोमेशनची जेसॉन आणि रेस्ट एपीआयची पानं घेऊन बसतात, कारण ते नवं वाटतं आणि वाचायला सोपं असतं. ओएसपीएफ, म्हणजे राउटिंगचा मुख्य प्रोटोकॉल, मात्र तिथेच राहतं.

तेव्हा पहिली अट अशी की सराव परीक्षेत विभाग निवडून प्रश्न सोडवता आले पाहिजेत, आणि निकालही विभागवार मिळाला पाहिजे. सगळी सरमिसळ करून शेवटी 'तुम्हाला ७२ टक्के' एवढंच सांगणारी परीक्षा तुझ्या कामाची नाही. ७२ टक्के कशाचे?

आता निवडीचं. माझे मामा इथे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लहानपणी त्यांच्याबरोबर गेले की बघायचे, व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो आणि मोडतो. वरून सगळीच हळद पिवळीधमक, कारण ती पॉलिश केलेली असते. मोडल्यावर कट्‌कन आवाज आला पाहिजे आणि आतला रंग दिसला पाहिजे. सराव परीक्षेचंही मी तेच करते. 'दोन हजार प्रश्न', 'हजारो विद्यार्थी पास', पाच चांदण्या, हे सगळं पॉलिश. मोडायचं ते स्पष्टीकरण.

मोडायचं कसं, तर ज्या विषयात तुला शंभर टक्के खात्री आहे असा एक प्रश्न फुकटच्या नमुन्यातून घे. मुद्दाम चुकीचं उत्तर दे. मग खाली काय लिहून येतं ते वाच.

उदाहरण देते. राउटिंग टेबलमध्ये तीन मार्ग आहेत. १०.१.०.०/१६ हा ओएसपीएफने शिकलेला, १०.१.४.०/२२ हा हाताने टाकलेला स्टॅटिक, आणि १०.१.६.०/२४ हा ईआयजीआरपीचा. १०.१.६.७७ कडे जाणारं पॅकेट कुठल्या मार्गाने जाईल? उत्तर, /२४ वाला. तू मुद्दाम स्टॅटिक निवडलास.

वाईट परीक्षा म्हणेल: 'चूक. बरोबर उत्तर क. कारण लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच.' यात खोटं काहीच नाही, पण तुझ्या हाती काय लागलं? चांगली परीक्षा तू स्टॅटिक का निवडलास ते ओळखते. ती म्हणेल की १०.१.६.७७ हा पत्ता त्या /२२ मध्येही बसतो, कारण तो पट्टा १०.१.४.० पासून १०.१.७.२५५ पर्यंत आहे, आणि स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग किती विश्वासाचा ते सांगणारं अंतर, लहान तो वरचढ) १ आहे, ईआयजीआरपीचं ९०, म्हणून स्टॅटिक वरचढ वाटतो. पण ते अंतर तपासलं जातं तेव्हा, जेव्हा अगदी त्याच नेटवर्कचा, त्याच लांबीचा मार्ग दोन ठिकाणांहून कळलेला असतो आणि टेबलात कुणाला बसवायचं हे ठरवायचं असतं. इथे तिघांची लांबी वेगळी, तिघेही टेबलात बसलेले. पॅकेट पाठवताना फक्त लांबी बघतात, सगळ्यात लांब तो (इथे /२४) जिंकतो. आणि खरंच चांगली असेल तर जाता जाता एवढंही सांगेल की ईआयजीआरपीचा मार्ग गेला तर पॅकेट स्टॅटिकने जाईल, आणि पत्ता १०.१.८.९ असता तर तो /२२ च्या बाहेर पडून ओएसपीएफच्या /१६ ने गेला असता. एका प्रश्नात तीन प्रश्नांची तयारी झाली. पैसे द्यायचे ते याचे.

मग आवृत्ती. २००-३०१ या क्रमांकाची सीसीएनए २४ फेब्रुवारी २०२० पासून आहे आणि १.१ ही सुधारित आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून. सगळेच विक्रेते 'नवीन अभ्यासक्रमानुसार' लिहितात, पण जुना माल ओळखायच्या खुणा आहेत. ईआयजीआरपी किंवा रिप (हाही राउटिंगचा प्रोटोकॉल) कॉन्फिगर करायला सांगणारे प्रश्न असतील तर ते २०२० पूर्वीचे. टेबल वाचताना ईआयजीआरपीचं डी हे अक्षर आणि ९० ओळखता येणं वेगळं, माझ्या वरच्या उदाहरणात ते तेवढ्यापुरतंच आहे. अनेक एरियांचं (एरिया म्हणजे नेटवर्कचा पाडलेला भाग) ओएसपीएफ मांडायला लावत असतील तर तेही जुनं, सध्या अभ्यासक्रमात एकाच एरियाचं ओएसपीएफ व्ही२ आहे. पपेट आणि शेफ या ऑटोमेशनच्या साधनांवर प्रश्न असतील तर तो माल १.१ च्या आधीचा, कारण आता तिथे अन्सिबल आणि टेराफॉर्म आहेत. स्विचिंगमधल्या रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू फिल्टर यांवर एकही प्रश्न नसेल, मशीन लर्निंग आणि जनरेटिव्ह एआयचा उल्लेखच नसेल, तरी तेच. तुझ्या त्या ॲपमध्ये पपेट-शेफ होते का, एकदा बघ. मला वाटतं असणार. आणि सिस्कोच्या संकेतस्थळावरून परीक्षेच्या विषयांची यादी स्वतः उतरवून घे, दोन-तीन पानांची आहे. आवृत्ती पुन्हा बदलली तर आधी तिथे कळेल, विक्रेत्याच्या पानावर उशिरा.

उत्तरपत्रिकाच चुकीची असण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. एकाने मला प्रश्न दाखवला होता: ओएसपीएफमध्ये दोन राउटर टू-वे अवस्थेत (ओळख पटली, पण माहितीची देवाणघेवाण नाही) अडकलेत, बिघाड काय? उत्तरात एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) जुळत नाही असं दिलेलं. आता एमटीयू जुळत नसेल तर शेजारी एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या पुढच्या अवस्थांत अडकतात. आणि इथरनेटवर डीआर-बीडीआर (नेमलेला प्रमुख आणि त्याचा राखीव राउटर) सोडून उरलेले राउटर एकमेकांशी टू-वेवरच थांबतात, तो बिघाडच नाही, तसंच असायला हवं. त्या पोराने हे चुकीचं उत्तर मन लावून वहीत उतरवलेलं. अशा वेळी भांडत बसू नकोस. पॅकेट ट्रेसर (संगणकावरच नेटवर्क उभं करून बघायचं सॉफ्टवेअर) उघड, एका स्विचला चार राउटर जोड, ओएसपीएफ चालू कर आणि 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' ही कमांड मारून बघ. पंधरा मिनिटांत खरंखोटं होतं. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीत खातं काढलं की फुकट मिळतो, हे तुला माहीत असेलच. एखाद्या संचात पहिल्या पन्नास प्रश्नांत अशी दोन उत्तरं चुकीची सापडली तर मी तो संच बंद करते, पैसे दिले असले तरी.

खऱ्या परीक्षेचा साचा आणखी एका बाबतीत कडक आहे आणि बहुतेक ॲप तिथेच लाड करतात. सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. १२० मिनिटं, प्रश्न एकामागून एक, पुढे गेलास की मागचं दार बंद. 'मार्क करून ठेवतो, शेवटी बघतो' ही आपली दहावी-बारावीपासूनची सवय इथे चालत नाही. त्यामुळे निदान शेवटच्या दोन सराव परीक्षा अशा दे की मागे जायची सोय बंद आहे, किंवा सोय असली तरी तू वापरणार नाहीस. नुसते पर्यायी प्रश्नही पुरत नाहीत. ओढून जुळवायचे असतात, दोन किंवा तीन उत्तरं निवडायचे असतात, आणि कमांड मारून नेटवर्क उभं करायचे लॅब असतात. लॅब आला की ज्यांनी फक्त मोबाईलवर अंगठा फिरवलाय त्यांची वेळ तिथेच जाते. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं, वाहून नेणारी जोडणी) नेटिव्ह व्हीलॅन बदलायचा आहे एवढं माहीत असतं, पण कमांड कुठल्या मोडमध्ये मारायची हे बोटांना माहीत नसतं. आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सांगितलंय, ते वाचलेलंच नसतं.

आता नावं. तुझ्या मित्रांनी सुचवलेल्या तिन्हींबद्दल माझं मत देते, माझं कुणाशी देणंघेणं नाही.

बोसॉनची एक्ससिम. महाग आहे, पण चूक पर्याय चूक का, हे लिहून देण्यात मला आजवर यापेक्षा चांगली सापडलेली नाही. अनेकांना ती खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड वाटते, त्यामुळे पहिल्या खेपेत ६० पडले तर हाय खाऊ नकोस. फुकट डेमो मिळतो. आधी तो तुझ्याच लॅपटॉपवर चालवून बघ, मग पैसे.

अधिकृत मार्गदर्शक पुस्तकाबरोबर येणाऱ्या पिअर्सनच्या सराव परीक्षा. पुस्तक घेणारच असशील तर या त्याच पैशात येतात, आणि प्रकरणवार प्रश्न निवडता येतात, म्हणजे तुझ्या राउटिंगच्या दुखण्याला बरोबर. पण जपून. त्यांना एक कोड लागतो आणि तो एकदाच चालतो. जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत घेतलंस तर कोड आधीच्या मालकाने वापरलेला असणार. नवं घेतानाही त्या प्रतीत ऑनलाइन परीक्षा आहेत का, हे दुकानदाराला विचारून घे.

युडेमीवरचे संच. इथे सरसकट मत देता येत नाही, एकाच छताखाली बावनकशी आणि भंगार दोन्ही आहे. पाच चांदण्यांचे अभिप्राय वाचू नकोस, तीन चांदण्यांचे वाच. नाराज माणूस नेमकं काय खटकलं ते लिहितो. शेवटचं अद्ययावत कधी केलं ती तारीख बघ. आणि प्रश्नोत्तरांच्या जागी कुणी 'हे उत्तर चुकलंय' म्हटल्यावर लेखक काय करतो ते बघ. दुरुस्त करून आभार मानत असेल तर घे. तीन महिने गप्प असेल तर पुढे चल.

यातला एक, फार तर दोन संच घे. चार घेतलेस की चारही अर्धवट राहतात. फुकटात जेरेमीज आयटी लॅबची यूट्यूबवरची मालिका आहे, तिच्याबरोबर लॅबच्या फाइली आणि फ्लॅशकार्डही मिळतात. माझ्या मते तुझा कच्चा भाग आधी तिथे पक्का कर आणि विकतची परीक्षा मग उघड. कच्च्या डोक्याने चांगली परीक्षा दिलीस तर ती वाया जाते, कारण पहिली खेप एकदाच मिळते.

आणि ती टेलिग्रामची पीडीएफ. तुला राग येईल, पण तुझ्या मित्राने ती दिलीच तर उघडूसुद्धा नकोस. 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न', 'पास होण्याची हमी' असं जिथे लिहिलेलं असतं तो डंप, म्हणजे फोडलेल्या प्रश्नांचा संच. सिस्कोला हे सापडलं तर निकाल रद्द होतो, प्रमाणपत्र जातं, पुढे परीक्षेला बसायला बंदी येऊ शकते. पण समज, नाही सापडलं. आपल्याकडे त्याला नूरा कुस्ती म्हणतात. निकाल आधीच ठरलेला, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या फडात उतरवलं की पहिल्याच डावात पाठ लागते. मी एका सहकारी बँकेच्या शाखा जोडायचं काम करायचे, तेव्हा मुलाखतीला आलेल्या एका मुलाकडे प्रमाणपत्र होतं. मी त्याच्यासमोर स्विच आणि कन्सोलची केबल ठेवली आणि म्हटलं, दोन व्हीलॅन कर, ट्रंक लाव. त्याने केबल हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि खाली ठेवली. मला त्याची कीव आली, कारण २०१४ च्या त्या झेरॉक्सवर मी पास झाले असते तर त्या खुर्चीत मीच असते.

संच घेतल्यावर तो वापरायचा कसा, हे निवडीइतकंच मोलाचं आहे. शंभर पानी वही घे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी समासात एक खूण कर: पक्कं, दोघांत घोळ, की तुक्का. मग उत्तर दे. तपासताना तुक्का बरोबर लागला असेल तरी तो चूक धर. तुझ्या नव्वदमधले किती तुक्के होते, हे आता तुलाही सांगता येणार नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिही, पण 'अभ्यास कमी' असं लिहू नकोस. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण दुसऱ्या गोष्टीशी गल्लत केली, गणित चुकलं, की प्रश्न नीट वाचला नाही, यातलं काय? चार-पाच दिवसांनी वही चाळलीस की तुझा आजार दिसतो. मागे एका पोरीच्या वहीत ॲक्सेस लिस्टच्या (कुठल्या पॅकेटला वाट द्यायची त्याच्या यादीच्या) दहा चुकांपैकी सात एकाच जागी होत्या, वाइल्डकार्ड मास्कच्या जागी ती सबनेट मास्क लिहायची. दोन संध्याकाळी बसून तेवढंच घटवलं.

जमेल तिथे चुकलेल्या प्रश्नाचा लॅब कर. स्पॅनिंग ट्रीत (स्विचच्या जोडणीत फेरा होऊ न देणारी पद्धत) रूट, म्हणजे मुख्य स्विच, कोण होणार हे चुकलं? तीन स्विच त्रिकोणात जोड, आधी प्रायॉरिटीला हात लावू नकोस, सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा रूट होतो का बघ, मग एकाची प्रायॉरिटी ४०९६ कर आणि पुन्हा बघ. टेबलावर ३२७६८ च्या जागी ३२७६९ का दिसतं, हा प्रश्न तुला आपोआप पडेल, आणि त्याचं उत्तर शोधलंस की तो विषय परत चुकणार नाही. (व्हीलॅनचा क्रमांक त्यात मिळवलेला असतो. सांगून टाकलं, पण तू करून बघच.)

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण क्लासवाले यावर बोलत नाहीत. 'प्रश्न नीट वाचला नाही' या रकान्यात तुझ्या बऱ्याच चुका निघाल्या तर अडचण नेटवर्किंगची नाही, इंग्रजी वाक्याची आहे. 'खालीलपैकी कोणते दोन', 'कोणते नाही', 'सर्वांत योग्य', 'आधी काय कराल' हे शब्द घाईत डोळ्यांतून निसटतात. मी तेव्हा एक सवय लावून घेतली होती. आधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचायचं, काय विचारलंय ते मनात मराठीत एकदा म्हणायचं, मग वरची गोष्ट आणि आकृती बघायची. आकृतीपासून सुरुवात केली की दीड मिनिट नुसतं बघण्यात जातं. सराव मोबाईलच्या छोट्या पडद्यावर न करता लॅपटॉपवर कर, कारण परीक्षेत टेबलंच्या टेबलं एका नजरेत वाचावी लागतात.

वेळेचं म्हणशील तर नियमाने नापास झाल्यावर पाच दिवस थांबावं लागतं, मग कधीही देता येते. पाच दिवसांत काही बदलत नाही. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच, एवढ्यात तुझा दीड-दोन महिन्यांचा खोलीभाडं-खानावळीचा खर्च निघत असेल. तुझी नोकरी पाळ्यांची असणार, तेव्हा मी सात-आठ आठवडे धरीन: पहिले चार राउटिंग आणि स्विचिंगचे, फक्त लॅब आणि विभागवार प्रश्न, मग दोन सिक्युरिटी आणि उरलेल्याचे, आणि शेवटचे दोन पूर्ण परीक्षांचे. विकतच्या संचातली एक पूर्ण परीक्षा हात न लावता शिल्लक ठेव. ती शेवटच्या आठवड्यात, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मागे न जाता द्यायची. आपल्या नाट्यपंढरीत रंगीत तालमीला कुणी 'थांबा, परत घेऊ' म्हणत नाही, तसं. पहिल्याच खेपेत, तुक्के वजा करून ८५ च्या आसपास आलास आणि कुठलाही मोठा विभाग ७५ च्या खाली नसेल, तर तारीख घे. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, सिस्कोचा नाही. ७० आलास तर आणखी दोन आठवडे. तारीख आधी घेऊन 'त्या भीतीने अभ्यास होईल' असं म्हणणारे मला बरेच भेटलेत. भीतीने फक्त झोप जाते.

एक गोष्ट तुझ्या हाताशी आहे आणि तू ती लिहिलीच नाहीस. तू हॉस्पिटलच्या आयटीत आहेस. तिथे स्विच आहेत, व्हीलॅन असतील, वायरलेस कंट्रोलर असेल, एक्स-रेची चित्रं एका इमारतीतून दुसरीकडे जात असतील. साहेबांची परवानगी घे आणि नुसतं बघायला सुरुवात कर. बदलायचं काही नाही, फक्त शो कमांड. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, रूट स्विच कुठला, ट्रंकवर काय काय जातंय, हे कागदावर काढ. नेटवर्क ॲक्सेसमधले ५० वाढवायला याच्यापेक्षा चांगली सराव परीक्षा विकत मिळत नाही, आणि पगारही मिळतो.

ते ॲप आज काढून टाक. आणि रविवारी सांगलीला येणं झालं तर स्कोअर रिपोर्ट छापून घेऊन ये, ती सहावी ओळ मला बघायचीय.